अडकलेला बार

आमचा धंदा दोन शब्दांवर उभा आहे: दारू आणि बार. त्यामुळे मी काय काम करते, हे नव्या माणसाला सांगायला जरा वेळ लागतो. बँकेत चालू खातं उघडताना व्यवसायाच्या रकान्यात मी 'शोभेचे दारूकाम' असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने ते वाचून अतिशय सभ्यपणे विचारलं, "मॅडम, देशी की विदेशी?"

"शोभेची," मी म्हटलं.

"ओके, म्हणजे फक्त डिस्प्लेला," असं म्हणून तिने काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं ते मी विचारलं नाही. खातं चालू आहे.

तर शोभेची दारू म्हणजे आतषबाजीची दारू, आणि आमच्या बोलण्यात बार म्हणजे नळीतून वर जाऊन फुटणारा गोळा. प्यायच्या दारूचा आणि बसायच्या बारचा गोंधळ लोक करतात, तो मला सवयीचा झाला आहे. पण बार या शब्दाला तिसराही अर्थ आहे. 'यंदा पोरीच्या लग्नाचा बार उडवून टाकू,' असं आपण सगळेच म्हणतो. या तिसऱ्या अर्थाने एका संध्याकाळी मला असं काही गुंडाळलं की एका मुलीचं लग्न लागणार की नाही, हा प्रश्न काही काळ माझ्या हातात येऊन पडला. तो मी सोडवला, बिघडवला, की नुसती बादली घेऊन मध्ये उभी राहिले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी काम समजून घ्या, नाहीतर गोंधळात तुमचीही भर पडेल.

वर जाणारा गोळा दिसायला कागदात गुंडाळलेल्या नारळासारखा असतो. तो एका जाड नळीत तळापर्यंत सोडतात. त्याच्या बुडाशी दारूची पुडी असते: सोरा, गंधक, कोळसा, फार जुना मसाला. ती पेटली की गोळा वर फेकला जातो आणि त्याच वेळी गोळ्याच्या पोटात जाणारी एक वात पेटते. गोळा वर जातो, दमतो, आता खाली वळणार अशा बेतात येतो, तेव्हा ही वात आतल्या दारूपर्यंत पोचलेली असते. मग तो फुटतो. आत सुपारीएवढ्या गोळ्या रचलेल्या असतात, त्यांना आम्ही तारे म्हणतो. ते पेटत चारी बाजूंना जातात, तेच तुम्हाला फूल म्हणून दिसतं. रंग धातूंच्या क्षारांचे. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. निळा सर्वांत अवघड, कारण आच जरा वाढली की तो फिका पडतो. कधी आकाशात स्वच्छ निळा दिसला तर टाळ्या वाजवा. शेजारच्याला कारण कळणार नाही, पण आम्हाला कळेल.

गोळे कारखान्यात तयार होतात, आमच्याकडे नाही. नारायण पेठेतलं फटाक्यांचं दुकान दीर बघतात आणि मैदानावरचं काम मी बघते. परवाना, पोलिसांची परवानगी, अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र, शहराबाहेरच्या कोठारातून माल आणणं, मैदान मोजणं, वारा कुठून आहे ते पाहून नळ्या लावणं, प्रत्येक गोळ्याला विजेच्या तारेची काडी जोडणं, आणि शेवटी दूर बसून एकेक बटण दाबणं. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी मी दुकानातल्या मांडणीच्या क्रमाने करते. या कामात तो स्वभाव उपयोगी पडतो, कारण इथे विसरलेली गोष्ट आठवेपर्यंत थांबत नाही.

गिऱ्हाइकं मात्र यादीत बसत नाहीत. कोथरूडच्या एका सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांचे सेक्रेटरी आले होते. शर्टाच्या खिशात दोन पेनं. म्हणाले, "आवाज नको, आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक आहेत. धूर नको, दमेकरी आहेत. कागदाचे तुकडे पडता कामा नयेत, झाडलोट करणारी बाई सुट्टीवर आहे."

"मग आपल्याला काय हवंय?"

"आतषबाजी."

मी म्हटलं, "उदबत्ती लावा."

"तिलाही धूर असतो," ते शांतपणे म्हणाले आणि आणखी कुठे चौकशी करता येईल तेही मलाच विचारून गेले. ते विनोद करत होते की नव्हते, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आता एक नियम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. कधी कधी वात पेटते, पण गोळा उडत नाही. नळीत तसाच बसून राहतो. याला आम्ही 'बार अडकला' म्हणतो. हा आमच्या कामातला सगळ्यात वाईट प्रसंग, कारण बाहेरून काहीच कळत नाही. तो विझला असेल, किंवा आत कुठेतरी ठिणगी हळूहळू पुढे सरकत असेल. अशा वेळी माणसाचा पहिला हात जातो तो वाकून नळीत बघायला, आणि वाकून बघितलेल्या माणसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. नियम असा की सगळ्यांना लांब करायचं, अर्धा तास हात लावायचा नाही, मग भरपूर पाणी ओतायचं आणि पूर्ण भिजल्यावरच तो बाहेर काढायचा.

आता लग्न.

मुलीचे वडील विलासतात्या. शहराच्या कडेचं गाव, आता महापालिकेत आलेलं. निम्मी शेती इमारतींखाली गेली, निम्मी अजून आहे, आणि मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. दुकानात आले ते उभ्या-उभ्याच बोलले.

"ताई, एकुलती एक पोरगी हाय. आभाळ फाटलं पायजे."

"फाटलं तर शिवायचं कोणी?"

ते इतके मोठ्याने हसले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मला ते तिथेच आवडले.

मुलगी मयूरी. फिजिओथेरपिस्ट, कोथरूडला दुसऱ्या एका डॉक्टरबरोबर तिचा दवाखाना. लग्न गोरज मुहूर्तावर, गावाजवळच्या एका लॉन्सवर. माझ्यासाठी मुहूर्त उत्तम: लग्न लागेपर्यंत अंधार पडायला सुरुवात होते आणि लोक जेवायला बसायच्या आत काम संपतं. तिथल्या कार्यालयाच्या इमारतीमागे मोकळं रान होतं, तिथे मी नळ्या लावल्या. पुढे दोर बांधला, दोराच्या अलीकडे माझं बटणांचं खोकं. फाटकाशी नवरदेवाच्या स्वागताला सलामीचे छोटे बार होते, ते हाताने वात पेटवून उडवायचे. ते काम दत्ताकडे. दत्ता माझ्याच वयाचा, या कामात माझ्या आधीपासून, आणि जगात काहीही झालं तरी त्याला त्याचं फार आश्चर्य वाटत नाही. तात्यांना मी सांगून ठेवलं होतं, मुहूर्त मागेपुढे झाला तर लगेच मला फोन करा.

त्या दुपारी आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. निदान तुम्ही तरी गोंधळू नका. लग्नानंतर दोघांनी कोथरूडला नवऱ्याच्या घरच्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचं, मयूरीचा दवाखाना चालू राहायचा, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी हळदीला सासूबाई सहज बोलून गेल्या की फ्लॅट भाड्याने दिला, आता सगळ्यांनी सांगलीलाच, त्यांच्या मूळ घरी राहायचं. नवरदेवाला हे बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. तो एका शब्दाने बोलला नव्हता. मयूरीने रात्र काढली, सकाळ काढली, नटून तयार झाली, आणि मुहूर्ताला तासाभराहून थोडा अधिक वेळ राहिला असताना वधूच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मी रानात तारा तपासत होते. फाटकाकडून सलामीचे बार ऐकू आले, म्हणजे नवरदेव आला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"ताई." तात्यांचा आवाज एकदम दबका. "हितं बार अडाकलाय."

मी हातातली तार खाली ठेवली. "कुठे?"

"हितंच. दारातच हुबा हाय मी."

दार म्हणजे फाटक, असं मी धरलं. "किती वेळ झाला?"

"झाली की पंधरा-इस मिन्टं. काय हालचाल न्हाई. नुसती गप हाय."

इथे मला थांबायला हवं होतं. बार पुल्लिंगी आहे. तो 'नुसता गप' असतो. पण मी पडले पेठेतली. मनातल्या मनात तात्यांचं व्याकरण सुधारलं आणि पुढे गेले.

"काही आवाज?"

"मगाशी आला जरा. आता त्यो बी न्हाई."

"जवळ कोण आहे?"

"बायका हायत की समद्या. वाकून वाकून बघत्यात."

"वाकून?" मी ओरडलेच. "तात्या, आधी त्यांना तिथून हाकला! कोणीही जवळ जायचं नाही. डोकावायचं नाही, ठोकायचं नाही, हलवायचं तर अजिबात नाही."

"तेच सांगतोय मी केव्हाधरनं, कोन आयकतंय? ताई, मोठ्यानं बोलता येत न्हाई. पावनं शेजारीच हायत."

पाहुण्यांत घबराट नको म्हणून हळू बोलतायत, असं मला वाटलं. किती समजूतदार माणूस.

"हे बघा, अर्धा तास हात लावायचा नाही."

"अर्धा तास? अवो, म्हूर्त हाय!"

"मुहूर्त गेला तर दुसरा मिळेल. माणूस गेलं तर काय करायचं?"

तेव्हा ते म्हणाले, "खरं हाय तुमचं."

"वरून गार दिसतो म्हणून फसायचं नाही. आत काय पेटलंय ते आपल्याला बाहेरून कळत नाही. धक्का लागला तर कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नाही. आपोआप शांत होऊ द्यायचं. तोवर मी येतेच पाणी घेऊन."

"आपोआप," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. एका अडकलेल्या बारासाठी एवढं कशाला, असं मला वाटून गेलं, पण मुलीचं लग्न आहे, माणूस हळवा होतो.

दोन बादल्या घेऊन मी फाटकाकडे धावले. दत्ता खुर्चीवर बसून सरबत पीत होता.

"दत्ता! इथे काय बसलायस? बार कुठेय?"

"उडले."

"सगळे?"

"सगळे. नळ्या उलट्या करून ठेवल्यात बघा."

"एक अडकलाय."

"कुठला?"

"मला काय माहीत कुठला! तात्यांचा फोन आला."

दत्ताने नळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला. "मॅडम, मग आपला नसंल. बँडवाल्यांनी आणला असंल एखादा."

बँडवाले म्हणाले, आम्ही फक्त वाजवतो. मग आम्ही जनरेटरच्या मागे पाहिलं, गाड्या लावल्या होत्या तिथे पाहिलं, कमानीच्या मागे पाहिलं. तात्या फोन उचलत नव्हते. माझ्या यादीतला प्रत्येक गोळा हिशेबात होता, आणि तरी कुठेतरी एक जिवंत बार पडला होता. इतकं डोकं फिरलेलं मला आठवत नाही. शेवटी मी एक बादली घेऊन कार्यालयात शिरले.

आत डाव्या हाताला एक बोळ होता. त्याच्या तोंडाशी खुर्च्यांची आडवी रांग लावलेली. खुर्च्यांच्या अलीकडे बायकांचा घोळका, तोंडावर पदर, सगळ्या चिडीचूप. पलीकडे एक बंद दार आणि दारापासून चांगले लांब, हाताची घडी घालून, तात्या. एवढी शिस्त माझ्या स्वतःच्या माणसांनी कधी पाळलेली नाही.

"या ताई," तात्या म्हणाले. "आनलं का पानी?"

"कुठेय तो?"

"आत हाय."

"आत? बंद खोलीत? कोणी नेला आत?"

"कुनी न्हेला न्हाई. आपली आपनच गेली."

"तात्या, आत कोणी माणूस आहे का?"

"ती एकटीच."

"अहो, मग तिला आधी बाहेर काढा!"

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "तुमीच म्हन्लात ना, अर्धा तास हात लावायचा न्हाई? मी तर तिच्या आईलाबी दाराला हात लावू दिला न्हाई!"

घोळक्यातली एक बाई, मयूरीची आई असावी, तिथून कडाडली, "या का त्या शान्या? अर्धा तास माझी पोरगी कोंडून ठिवली हिनं!"

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. उलगडा झाला असं म्हणायचं, कारण त्यानंतर मी आणखीनच गोंधळले. 'तात्या, मी दारूबद्दल बोलत होते' हे वाक्य त्या बोळात, त्या बायकांसमोर मला उच्चारता येईना. हातात बादली.

"आता तुमीच बोला तिच्याशी," तात्या खालच्या आवाजात म्हणाले. "तुमाला कळतं त्यातलं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी मी दार वाजवलं. कडी निघाली.

मयूरी पूर्ण नटलेली, मुंडावळ्यांसकट, पलंगाच्या कडेला फोन हातात घेऊन बसली होती. रडलेली नव्हती. तिने मला पाहिलं, मग बादली पाहिली.

"तुम्ही कोण?"

"मी बाहेरच्या दारूकामाची."

"आणि हे?"

"पाणी."

"माझ्यासाठी?"

"नाही. म्हणजे तुमच्या वडिलांना वाटतंय, हो. माझा जरा गोंधळ झालाय."

"तुमचाही?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "बसा. बाहेर काय जादू केलीत? कडी लावल्यापासून दर दोन मिनिटांनी दार वाजत होतं. एकदम बंद झालं."

मी घडलं ते सांगितलं. ती हसली. मग मघाशी लिहिलेलं फ्लॅटचं आणि सांगलीचं सगळं तिने मला सांगितलं, एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं. शांतता मिळाल्यावर तिने नवरदेवाला फोन केला होता. एवढंच मागितलं होतं की दोन्ही वडिलांसमोर ये आणि आपण कुठे राहणार ते तुझ्या तोंडाने सांग. सांगली म्हणालास तरी चालेल, पण तू सांग. तो म्हणाला होता, 'आत्ता नको ना. आधी लग्न होऊ दे, मग बघू.'

तिने फोन पलंगावर पालथा ठेवला. मग तिने विचारलं, "तुमच्या कामात असं चालतं का हो? आधी उडवा, मग बघू?"

"छे," मी म्हटलं. "आधीच बघायचं सगळं. वारा, तारा, नळ्या, माणसं कुठे उभी आहेत ते. एकदा पेटवल्यावर बघायचं काही राहत नाही. मान वर करायची फक्त."

हे मी खरंच माझ्या कामाबद्दल बोलले. विचारलं ते सांगितलं. ती आतषबाजीबद्दल विचारत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तोवर ती उठली होती.

"जाताना दार उघडंच राहू दे," ती म्हणाली.

मी बादली उचलून माझ्या जागी, दोरापाशी येऊन बसले. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. तारा पुन्हा तपासल्या, तपासलेल्या होत्या. वारा पाहिला, ठीक होता. सनई चालू होती. सूर्य बुडाला. गुरुजींचा आवाज माइकवर एकदा आला, "वधू-वरांच्या मामांनी," आणि मधेच थांबला. सनईही थांबली.

फाटकाकडून दत्ता आला. "मॅडम, पोरगी आन् नवरदेव मांडवाच्या मागं बोलत्यात. दोघांचे वडील बी हायत तिथं."

"काय म्हणतायत?"

"ती काय विचारती, ते लांबनं ऐकू येत न्हाई. पण तिनं काई विचारलं की त्यो त्याच्या वडलांकडं बघतोय."

"आणि वडील?"

"वडील घड्याळाकडं."

खरं सांगते, त्या क्षणी काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मलाच ठरवता येईना. लग्न लागलं तर ती सांगलीला गेली, दवाखाना गेला. मोडलं तर तात्यांची गावात मान खाली, आणि ती मयूरीची आई जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडणार. त्यातून मी लावलेलं सगळं काम तयार, तारा जोडलेल्या, आकाश स्वच्छ. असल्या वेळी कामाकडे मन जाऊ नये, पण गेलं.

मग गाड्यांचे दरवाजे आपटल्याचे आवाज आले. एक, मग पुष्कळ. फाटकाकडे दिवे हलले आणि रस्त्याला लागले. पाठोपाठ माझा फोन वाजला.

"ताई," तात्या म्हणाले. आता आवाज दबका नव्हता, पण बसला होता. "उडवा बार."

मी एकदा फसले होते. विचारलं, "तात्या, कोणता? माझा की तुमचा?"



"आमचा ऱ्हायला, ताई. तुमचा उडवा."

"तात्या, नको. मी सगळं सोडवून नेते परत. थोडं किचकट असतं, पण नेते."

"सोडवायला धोका असतो का?"

"असतो थोडा."

"मग कशाला? एका दिवसात एवढं सोडवलं ते रग्गड झालं. पोरगी म्हनती, मला बघायचंय. आमी येतोय तिकडं."

दोघं आली. तात्यांचा फेटा सैल झाला होता. मयूरीने मुंडावळ्या काढल्या होत्या, शालू तोच. दोराच्या अलीकडे खुर्च्या टाकून गावातली म्हातारी मंडळी बसली होती. मांडवात उकडतं म्हणून ती आधीच बाहेर येऊन बसली होती आणि आत काय झालं ते तिथवर पोचलंच नव्हतं. बापलेक त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी विचारलं, "लावू?" मयूरीने मान हलवली.

पहिला गोळा सोनेरी होता. वर गेला, फुटला, हळूहळू ओघळत खाली आला. आणि माझ्या पाठीमागून एक म्हातारा आवाज आला:

"बार झाला! लागलं लगीन! टाका रं अक्षता!"

अक्षता मघाशीच वाटून झाल्या होत्या. ज्याच्या-त्याच्या मुठीत घामाने ओल्या झालेल्या. त्या भागात लग्न लागलं की बार उडवतात. मांडवात जागा न मिळालेल्यांना त्यावरूनच कळतं. तेव्हा म्हाताऱ्यांनी बार ऐकला आणि आयुष्यभर करत आले तेच केलं. समोर नवरीच उभी होती. सगळ्या अक्षता तिच्यावर आणि तात्यांवर पडल्या. मला मागे वळून बघायची सवय नाही, बटणं चुकतात. पण मी वळले. तात्या तोंड उघडून उभे होते आणि त्यांच्या फेट्याच्या घड्यांत तांदूळ अडकले होते.

मी पहिला भाग पुरा केला. शेवटचा गोळा निळा होता. चांगला निघाला. त्यानंतर धूर हलावा म्हणून मी नेहमी जरा थांबते. त्या शांततेत ते पहिले ओरडलेले आजोबा काठी टेकत पुढे आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "पोरी, नवरदेव कुठं हाय?"

"गेला," मयूरी म्हणाली.

"कुठं गेला?"

"सांगलीला."

"आँ?" आजोबांनी कानाला हात लावला. "मंग लगीन?"

"नाही झालं."

आजोबांना काही समजेना. त्यांनी मूठ उघडून आत उरलेल्या अक्षतांकडे पाहिलं. "मंग ह्या कुनावर टाकल्या आमी?"

तात्या काहीतरी बोलणार होते. मयूरीने त्यांचा हात धरला.

"माझ्यावर टाकल्यात ना आजोबा? बरोबर टाकल्यात," ती म्हणाली. "उरल्यात त्याही टाका."

आजोबांनी तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.